सोडून दिलेला मासा

वसईच्या किनाऱ्यावर, मच्छीमाराच्या घरी जन्मलेल्या माणसाला धर्मसेवेसाठी बुलढाणा जिल्ह्यात यावे लागावे, यात परमेश्वराची काही तरी योजना असावी, अशी मी स्वतःची समजूत घालीत आलो आहे. येथे कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. समुद्र तेवढा नाही. खारे पाणी म्हणून जे काही या जिल्ह्यात आहे ते लोणारला. अशनीच्या आघाताने काळ्या खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते साचले आहे. २०२० सालच्या जूनमध्ये सूक्ष्म जीवांमुळे ते गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष त्याच्याकडे गेले. त्याच वर्षी रामसर पाणथळ स्थळांच्या यादीतही त्याचा समावेश झाला. घरची आठवण अनावर झाली की मी कधी कधी त्या काठावर जाऊन बसतो. पाणी खारे आहे, पण त्यावर होडी नाही, काठावर वाळत घातलेले जाळे नाही, गळ टाकून बसलेला माणूस नाही.

अशाच एका संध्याकाळी, गेल्या प्रायश्चित्तकाळात, भाच्याने मोबाइलवर एक छायाचित्र पाठविले. अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे २०१८पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत ते बेट. त्याच्या जवळच्या समुद्रात होडीवर उभा राहून त्याने दोन्ही हातांनी एक प्रचंड चंदेरी मासा उराशी धरला होता. जायंट ट्रेवली हे त्याचे नाव. आपल्याकडील कोकरीच्या कुळातला हा मासा दीड मीटरहून अधिक लांब आणि ऐंशी किलोपर्यंत वजनाचा होऊ शकतो. भाच्याच्या हातातला तेवढा नव्हता, पण भाच्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तेवढा होता. छायाचित्राखाली दोन ओळी होत्या. पंचवीस मिनिटांच्या झुंजीनंतर मासा हाती आला. आणि ‘‘सोडून दिला, फादरमामा. दिवसभरात एकही मारला नाही.’’

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा त्या छायाचित्राचा हेतू उलगडला. मालवणच्या बाजूला असाच व्यवसाय सुरू करण्याचा त्याचा विचार आहे. कर्ज काढून होडी घ्यायची, कोळ्यांच्या घरातली दोन मुले, ज्यांच्या जाळ्यांत आता डिझेलचा खर्चही निघत नाही, त्यांना बरोबर घ्यायचे, आणि शहरातील हौशी गळकऱ्यांना समुद्रात न्यायचे. मासा धरायचा, मोजायचा, छायाचित्र काढायचे आणि पाण्यात सोडायचा. शेवटी तो म्हणाला, ‘‘होडीला आशीर्वाद द्यायला तुम्हीच यायचं, फादरमामा.’’

येतो, असे मी म्हणालो. मात्र फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले की, हा होकार मी विचार न करताच दिला होता. होड्यांना आशीर्वाद मी पूर्वीही दिले आहेत. पण त्या होड्या पोटासाठी समुद्रात जात असत. केवळ खेळासाठी एका जिवाला गळाला लावायचे, दमवायचे आणि मग सोडून द्यायचे, हा उद्योग आशीर्वादास पात्र आहे काय?

प्रथम भाच्याची बाजू मांडली पाहिजे, कारण ती वाटते तितकी दुबळी नाही. गळाने मासे धरण्याचा खेळ आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या पवई तलावावर गळकऱ्यांची संस्था आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीर माशाची पैदास चालविली आहे आणि तेथील पिल्ले देशातील अनेक नद्यांत व तलावांत सोडली गेली आहेत. महसीरची किंमत देशाला कळली त्याचे बरेचसे श्रेय गळकऱ्यांना जाते. ज्याला मासा पुन्हा भेटावा असे वाटते, तोच नदीत सुरुंग लावणाऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो. कर्नाटकातील कावेरीच्या अभयारण्यातली महसीर-शिबिरे २०१०नंतरच्या वर्षांत बंद झाली, तेव्हा चोरट्या मासेमारीवरचा पहारा उठेल, हीच भीती त्या खेळाच्या कैवाऱ्यांनी बोलून दाखविली होती.

शिवाय भाचा मला सरळ विचारू शकतो, ‘‘तुम्ही मासे खाता ना?’’ मी खातो. वसईहून कुणी आले की सुके बोंबील आणतात आणि मी ते आनंदाने खातो. त्या बोंबलांबरोबर जाळ्यात किती कोवळी पिल्ले, किती निरुपयोगी म्हणून फेकलेले जीव मेले असतील, याचा हिशेब मी कधी केलेला नाही. मग जो एकही मासा मारीत नाही त्याला, ताटात मासा घेऊन बसलेल्या माणसाने, कोणत्या तोंडाने बोल लावावा?

या प्रश्नाने मी काही दिवस निरुत्तर झालो होतो. उत्तराची दिशा मला पुस्तकात नव्हे, नळगंगा धरणाच्या काठी सापडली. तेथे भोई समाजातील एक वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेल्या पाण्यात कटला, रोहू, मरळ धरण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना मी भाच्याचे छायाचित्र दाखविले आणि सगळी हकिकत सांगितली. हसतील, नाही तर श्रीमंतांच्या छंदाला नावे ठेवतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी छायाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि एवढेच विचारले, ‘‘मंग तो मासा जगला काय, फादर?’’

मला ठाऊक नव्हते. भाच्यालाही ठाऊक नसणार. मासा पाण्यात गेला, शेपटीचा एक फटकारा दिसला, आणि गोष्ट तेथेच संपली असे त्याने धरून चालले होते.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न विचारलेला आहे. गळाने धरून सोडलेल्या माशांपैकी किती मरतात, याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे सरासरी प्रमाण १८ टक्के आढळले. अर्थात जात, खोली, पाण्याची उष्णता आणि गळ कोठे रुतला यांनुसार हे प्रमाण फार बदलते. ओठात रुतलेला गळ बहुधा निभावतो. घशात किंवा कल्ल्यात रुतलेला बहुधा घात करतो. खोल पाण्यातून वेगाने वर ओढलेल्या माशाच्या पोटातील वाताशय फुगतो आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. दीर्घ झुंजीने स्नायूंत आम्ल साचते, आणि दमलेल्या माशाला शार्क गाठतो. काळजी घेणारे गळकरी हे सारे जाणतात. म्हणून ते गळाची उलटी अणी काढून टाकतात, भक्कम दोर वापरून झुंज आखडती घेतात, मासा फार वेळ पाण्याबाहेर ठेवीत नाहीत. हे त्यांच्या श्रेयाचे आहे. पण त्यांची ही आचारसंहिताच एक कबुली आहे, असे मला वाटते. ज्याला काही सोसावे लागत नाही, त्याच्यासाठी इतकी काळजी कोण घेईल?

येथे एक शंका निघते. मासा खरोखर सोसतो काय? त्याला वेदना होते, की ती केवळ यांत्रिक धडपड असते? २००२ साली जेम्स रोज या अमेरिकन अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, मनुष्याच्या मेंदूचा जो बाह्य थर वेदनेची जाणीव घडवितो तो माशाला नाही. म्हणून त्याला आपल्यासारखी वेदना होणे शक्य नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची वर्दी देणारी मज्जाग्रे असल्याचे दाखवून दिले. ओठांना दाहक द्रव्य टोचलेले मासे खाणे टाळीत आणि टाकीच्या तळच्या खड्यांवर ओठ घाशीत, असेही त्यांना दिसले. हा वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही, जरी पारडे माशाच्या बाजूने झुकत चालले आहे.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकाऱ्याचे एक जुने उदाहरण देत असत. झुडपाआड काही हलते आहे. हरीण असेल, कदाचित माणूस असेल. शिकाऱ्याने गोळी झाडावी काय? उत्तर असे की, शंका फिटल्याशिवाय झाडू नये. कारण येथे चूक झाली तर तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. मासा म्हणजे माणूस नव्हे, आणि या दोघांना एका तागडीत तोलण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु त्या उदाहरणातील तर्क येथेही लागू पडतो. आपली गरज जितकी मोठी तितकी शंका आपण बाजूला सारू शकतो. गरज जितकी लहान तितका शंकेचा फायदा दुसऱ्याला दिला पाहिजे. भुकेल्या माणसाने गळ टाकताना माशाच्या मज्जाग्रांचा विचार करीत बसावे, असे कुणी म्हणणार नाही. सुटीवर आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे.

ख्रिस्तसभेची परंपरा या बाबतीत काय सांगते? संत थॉमस अक्वायनस प्राण्यांना मनुष्याच्या उपयोगासाठी मानतात. तरीही प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असा इशारा ते देतात. पाचवे पायस या परमगुरूंनी १५६७ साली बैलझुंजींवर कडक बंदी घातली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः माणसांचे जीव आणि आत्मे होते. परंतु असा खेळ ख्रिस्ती भक्तीला व प्रीतीला शोभत नाही, हेही त्यांनी म्हटले. १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिकवणुकीचा ग्रंथ अन्नासाठी व वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करतो, पण गरज नसताना त्यांना यातना देणे अथवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवितो. २०१५ सालच्या आपल्या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी त्याच शिकवणुकीचे स्मरण करून दिले. सगळा भार येथे एका शब्दावर आहे : गरज.

आणि याच शब्दापाशी भाच्याचा युक्तिवाद उलटा होतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून असा नियम आहे की, सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाला लावता येत नाही. जर्मनीतही प्राण्याला यातना देण्यासाठी योग्य कारण असावे लागते, आणि केवळ धरून सोडण्याचा खेळ तेथे त्या कसोटीस सहसा उतरत नाही. खाण्यासाठी मासा धरणाऱ्याला मात्र दोन्हीकडे मुभा आहे. प्रथम वाचताना हे विचित्र वाटते. मारणाऱ्याला परवानगी आणि सोडणाऱ्याला बंदी! पण त्यामागील विचार सरळ आहे. खाणाऱ्याच्या हातून जी वेदना होते ती त्याला नको असते. ती टळली असती तर त्याला हवेच होते. मासा न झगडता वर आला तर कोळी देवाचे आभारच मानील. उलट गळाच्या खेळात झगडा हीच मुख्य वस्तू आहे. जो मासा झगडत नाही त्याच्यासाठी कुणी अंदमानपर्यंत जात नाही. त्या पंचवीस मिनिटांत भाच्याला जे मिळाले ते माशाच्या जीव वाचविण्याच्या धडपडीतूनच मिळाले. शेवटी त्याला सोडले, ही दया खरी असेलही. पण ज्या संकटातून त्याला सोडविले ते संकट भाच्यानेच आणले होते.

असिसीकर संत फ्रान्सिस यांची एक कथा त्यांच्या जुन्या चरित्रांत आहे. रिएती सरोवरात एका कोळ्याने त्यांना भेट म्हणून जिवंत मासा दिला, आणि त्यांनी त्याला बंधू म्हणत पाण्यात सोडले. सोडून देण्याच्या खेळाचे आद्य पुरुष म्हणून उद्या कुणी त्यांचे नाव घेईल. मात्र त्यांनी दुसऱ्याने धरलेला मासा सोडला होता. सोडता यावा म्हणून धरला नव्हता.

मग खेळाला जीवनात स्थानच नाही काय? असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सतत ताणून ठेवलेले धनुष्य मोडते, या दाखल्याने संत थॉमस यांनीच विरंगुळ्याला सद्गुणांत जागा दिली आहे. शिवाय माझ्या भोवतालचे लोक मला गप्प राहू देणार नाहीत. विदर्भात शंकरपट हा शेतकऱ्याचा जीव की प्राण. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. पुढे राज्याने केलेला कायदा २०२३ साली घटनापीठाने वैध ठरविला. या काळात माझ्या परिसरातील शेतकरी मला विचारीत, ‘‘आम्ही बैलाला लेकरावानी जपतो, फादर. आमचाच खेळ कोर्टात कसा जातो?’’ त्यांचे दुःख मला समजते. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो. म्हणजे मासाही येतो. तरीही बैलासाठी न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालतो, आणि महागड्या रिळाच्या टोकाला लागलेल्या माशाविषयी कुणी अवाक्षर काढीत नाही. बैल हंबरतो, मासा मुका आहे, हे एक कारण असेल. बैलाचा खेळ गरिबाचा आणि गळाचा खेळ सुखवस्तूंचा, हेही दुसरे असू शकेल. नैतिक प्रश्न विचारायचा तर तो दोघांनाही सारख्याच गंभीरपणे विचारला पाहिजे.

शुभवर्तमानात मासे पुष्कळ आहेत, पण गळ एकदाच येतो. मंदिराचा कर भरण्यासाठी प्रभू येशू पेत्राला सरोवरावर पाठवितात आणि गळाला पहिला लागेल त्या माशाच्या तोंडात नाणे मिळेल, असे सांगतात. त्या माशाचे पुढे काय झाले, हे मत्तय सांगत नाही. तिबिर्याच्या काठावर मात्र १५३ मासे ओढले जातात तेव्हा निखाऱ्यावर न्याहरी शिजते आहे, आणि पुनरुत्थित प्रभू शिष्यांना जेवायला बोलावतात. मासे धरणे हे पाप नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? पण या कथांतील प्रत्येक मासा कुणाच्या तरी गरजेपर्यंत पोहोचतो. योनाच्या पुस्तकाचा शेवटही मला आठवतो. निनवे नगरीची दया का करू नये, हे सांगताना परमेश्वर तेथील अजाण माणसांबरोबर गुराढोरांचाही उल्लेख करतो, आणि तेथेच ते पुस्तक संपते.

हे सर्व लिहिताना मला माझे बालपण आठवत आहे. आठ-नऊ वर्षांचा असेन. खाडीच्या चिखलात एक चिंबोरी धरून मी तिच्या पायाला दोरा बांधला आणि दुपारभर तिला ओढत राहिलो. संध्याकाळी वडील डोलीवरून आले. त्यांनी दिवसभरात शेकडो जीव होडीत ओतले होते. तरीही माझ्या हातातील दोरा पाहून ते रागावले. ‘‘खायची असेल तर आयशीकडे दे, नाही तर सोड. खेळायला तिचा जीव नाय.’’ मी चिंबोरी सोडली. तिचा एक पाय दोऱ्यातच राहिला होता.

भाच्याला मी सविस्तर पत्र लिहिले. बंदी घातली नाही. तो अधिकार मला नाही. एवढेच लिहिले की, जे धराल ते खा, आणि खाण्यापुरतेच धरा. मग मला काही म्हणायचे नाही. त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. ‘‘गिऱ्हाईक मासा खायला येत नाही, फादरमामा, फोटो काढायला येतं. आणि प्रत्येकानं दहा मासे मारून नेले तर समुद्रात उरेल काय?’’ हेही खरे आहे. बऱ्याच बोलण्यानंतर तो म्हणाला की, माणशी दोन मासे झाले की गळ आवरायचे. खोल पाण्यातून मासा ओढायचा नाही. ज्याला रक्त येते आहे वा ज्याने गळ गिळला आहे तो सोडल्याचे सोंग न करता घरी न्यायचा आणि शिजवायचा. आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात हौशी लोकांनाही होडीवर घ्यायचे नाही. याने माझी शंका फिटली, असे मी म्हणत नाही. दोन माशांच्या बाबतीतही तो प्रश्न उरतोच. पण कर्ज त्याच्या डोक्यावर असेल, आणि त्या दोन मुलांची चूल त्या होडीवर पेटेल; धरणाच्या काठी बसून विचार करणाऱ्या माझ्यावर यांतले काहीच नाही, याची जाणीव ठेवणेही मला आवश्यक वाटते.

नारळी पौर्णिमेनंतर मी मालवणला जाणार आहे. होडीवर आणि तिच्यातून समुद्रात जाणाऱ्या माणसांवर परमेश्वराची कृपा मागणार आहे, कारण समुद्र खेळणाऱ्याला आणि कष्ट करणाऱ्याला सारखाच गिळतो. गळांवर पवित्र पाणी शिंपडण्याचा आग्रह धरू नकोस, असे मी भाच्याला सांगून ठेवले आहे, आणि त्याने ते मान्य केले आहे. निघण्यापूर्वी नळगंगेवर एक फेरी होईलच. ते आजोबा पुन्हा तेच विचारतील, आणि मला पुन्हा तेच सांगावे लागेल की, ठाऊक नाही. म्हणून मालवणला गेल्यावर त्या दोन मुलांना एक गोष्ट सांगायची ठरविली आहे : मासा सोडलात की लगेच पाठ फिरवू नका, तो दिसेनासा होईपर्यंत पाण्याकडे पाहत उभे राहा.